हानताईची फुंकर

प्रशिक्षणाच्या अर्जात ‘आधीच्या कामाचा अनुभव’ असा एक रकाना होता. क्वान सौ-हान यांनी त्यात लिहिलं होतं, ‘कॉलर. अंदाजे अकरा लाख.’

मी केंद्राच्या कचेरीत अर्ज तपासत होतो. विचारलं, "हे काय?"

"चोवीस वर्षं शर्टांना कॉलर लावल्या. दिवसाला दीडशे धरा, वर्षाचे तीनशे दिवस धरा. करा हिशोब."

मी केला. "दहा लाख ऐंशी हजार होतात."

"सणासुदीला जादा काम असायचं, ते तुम्ही धरलं नाहीत," त्या म्हणाल्या. "राहू दे. हाताला सवय आहे, एवढं तुमच्या साहेबांना कळलं म्हणजे पुरे."

मी अकरा लाखच राहू दिले.

दोन हजार पाचचा जानेवारी होता तो. मकावमध्ये एकेका वर्षात दोन-दोन कॅसिनो उघडत होते आणि पत्ते वाटायला माणसं पुरत नव्हती. आमचं केंद्र तीन महिन्यांत डीलर तयार करून द्यायचं. शेवटी परीक्षा. पास झालं की सोमवारपासून नोकरी, महिना तेरा हजार पटाका, म्हणजे मकावच्या चलनात. कपड्यांच्या कारखान्यात साडेतीन हजारांवर राबलेली माणसं हा आकडा दोनदा विचारून घ्यायची.

हानताईंचा कारखाना अरेया प्रेता भागात एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर होता. डिसेंबरात तो बंद झाला. "मालकानं मशिनं सीमेपलीकडे नेली," त्या सांगायच्या, "आणि माणसं इथं ठेवली. उलटं केलं असतं तर मी गेलेही असते."

वय शेहेचाळीस. आमच्याकडे चाळिशीची अट होती, ती त्या एका तुकडीपुरती शिथिल केली होती. पुढच्या तुकडीपासून पुन्हा चाळीस. म्हणजे हानताईंना हीच एक संधी होती. परीक्षेला दोनदा बसता यायचं, दोन्हीदा नापास झालं की रस्ता बंद. नवरा केओंग बस चालवायचा, घर उपाशी राहणार नव्हतं. पण मुलाखतीत टौ मास्तरांनी विचारलं, "हे जमलं नाही तर काय कराल?" तेव्हा त्या म्हणाल्या, "हॉटेलात खोल्या झाडायचं काम मिळेल. त्यात वाईट काही नाही. पण माझ्या हातांना याच्यापेक्षा जास्त येतं. ते वाया का घालवू?"

टौ मास्तर आमचे मुख्य शिक्षक. बारीक, कायम बडीशेप चघळणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, "बाकारा खेळता येतो?"

"येतो. सासूबाईंनी शिकवलाय."

"मग आधी तो विसरावा लागेल," मास्तर म्हणाले. ते सगळ्यांनाच असं म्हणत. हानताई हसल्या. मीही ते मनावर घेतलं नाही.

सासूबाईंची शिकवणी हानताईंच्या लग्नानंतरच्या पहिल्या नववर्षाला झाली होती. नवी सून, वय बावीस. जेवणाची भांडी उचलून झाल्यावर सासूबाईंनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पत्ते ठेवले आणि प्रत्येकापुढे कलिंगडाच्या लाल बियांचा ढीग केला.

"दोन बाजू," सासूबाई म्हणाल्या. "एक बँकर, एक प्लेअर. आपण त्यातलं कुणीच नाही. आपण नुसत्या कुणावर तरी बिया लावायच्या."

"मग बँकर कोण?"

"कुणी नाही. नाव आहे ते. तुझे सासरे घरचे कर्ते आहेत ना, तसं."

सासरे संत्रं सोलत होते, ते सोलतच राहिले.

"दोन्ही बाजूंना दोन-दोन पत्ते. नऊ सगळ्यांत मोठे. दहा, गुलाम, राणी, राजा, सगळे शून्य. बेरीज दहाच्या वर गेली की दहा सोडून द्यायचे. सात आणि आठ किती?"

"पंधरा."

"पाच. शाळेत शिकलीस ते विसर. दोन पत्त्यांत पोट भरलं नाही तर तिसरा. पाचापर्यंत घ्यायचा, सहापासून थांबायचं. कळलं?"

कळलं म्हणून सुनेनं पहिला पत्ता उचलला आणि झटकन उलटा केला. सासूबाईंनी तिच्या मनगटावर चापट मारली.

"भात शिजायच्या आधी झाकण उघडतेस का? आता दुसरा पत्ता पालथाच ठेव. कोपऱ्यातला आकडा अंगठ्याखाली दाब. आता लांब कडेनं हळूहळू वर वाकव. किती ठिपके दिसतात कडेला?"

"तीन."

"मग तो सहा असेल, सात असेल, नाही तर आठ. दोन दिसले असते तर चार किंवा पाच. चार दिसले तर नऊ किंवा दहा. आता तिन्हींत फरक कशाचा? मधल्या ठिपक्यांचा. सहाला मधे काही नाही, साताला एक, आठाला दोन. तुझ्याकडे आधीचे किती आहेत?"

"दोन."

"म्हणजे सहा आला तर आठ, सात आला तर नऊ. आणि आठ आला तर दहा, म्हणजे भोपळा. मग काय करायचं?"

सुनेनं पत्ता अंगठ्याखाली आणखी दाबला.

"फुंकायचं," सासूबाई म्हणाल्या. "मधला एक ठिपका उडवून टाकायचा. फूऽऽ. सगळ्यांनी मिळून."

सगळ्यांनी मिळून फुंकलं. सात निघाला. त्या दिवसापासून चोवीस वर्षं, दर नववर्षाला आणि बहुतेक रविवारी, त्या घरात फुंकर चालू होती. सासूबाई निकालांचे लाल-निळे गोल जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर काढून ठेवायच्या आणि त्यावरून पुढचा डाव कुणाचा ते सांगायच्या. निम्म्या वेळा बरोबर यायचं.

आमच्या वर्गात बत्तीस जण होते. हानताईंच्या खालोखाल वयानं मोठा मुलगा एकोणतीस वर्षांचा. सुरुवातीला पोरं त्यांना काकू म्हणत, पण पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातांनी सगळ्यांना गप्प केलं. आठ जोड म्हणजे चारशे सोळा पत्ते पिसायचे असतात. पोरांच्या बोटांतून पत्ते गळायचे. हानताई पत्ते अशा पसरायच्या आणि गोळा करायच्या, जसं कुणी धुतलेली चादर घडी घालतं. चिप्सचे, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचे, ढीग वीस-वीसचे न मोजता पडायचे. मास्तरांनी एकदा एक ढीग मुद्दाम मोजून पाहिला, मग पुन्हा कधी मोजला नाही. प्रत्येक डाव झाल्यावर डीलरनं दोन्ही हात पुढे करून, पालथे-उताणे करून कॅमेऱ्याला दाखवायचे असतात. पोरं ते विसरायची. हानताईंना चोवीस वर्षं कारखान्यातून निघताना दारावर कात्री-सुया लपवल्या नाहीत हे दाखवायची सवय. त्या कधी विसरल्या नाहीत.

एकच खोड होती. पत्ता वाटताना उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा.

"ताई, हे मशीन नाही, पायडल नका मारू," का-यान म्हणायची. ही एकवीस वर्षांची पोरगी त्यांच्या शेजारी उभी राहायची. तोंडाळ, पण गुणी.

"पाय टेबलाखाली आहे. कॅमेरा वर आहे. तू तुझे पत्ते सांभाळ, आत्ता एक खाली पडला."

सगळ्यांची खरी अडचण होती तिसऱ्या पत्त्याचा तक्ता. घरी सासूबाईंनी पाच-सहाचा एकच नियम दोन्ही बाजूंना लावला होता. कॅसिनोत प्लेअरला तोच नियम आहे, पण बँकरनं तिसरा पत्ता घ्यायचा की नाही हे प्लेअरला कोणता तिसरा पत्ता आला त्यावर ठरतं. बँकरचे चार असतील तर प्लेअरच्या दोनपासून सातपर्यंतच्या पत्त्यांवर घ्यायचा. पाच असतील तर चारपासून सातपर्यंत. सहा असतील तर फक्त सहा-सातवर. आणि तीन असतील तर कशावरही घ्यायचा, फक्त आठावर नाही. पोरं हे तळहातावर लिहायची, बसमध्ये घोकायची.

हानताईंनी कारखान्यातून आणलेला निळा शिंप्याचा खडू काढला आणि फळ्यावर शर्टाची अर्धी बाही काढली.

"ही एक बाजू सरळ आहे, ती सातावर. कापड इथं दुमडलेलं. दुसरी बाजू तिरपी. वर दोनपासून, खाली चारपासून, मग सहापासून. मनगटाकडे अरुंद होत जाते. आणि सगळ्यांत वर, मुंढ्यापाशी, तिनाची ओळ. तिथं पूर्ण रुंदी. फक्त आठापाशी एक खाच मारली आहे, शिवताना जुळवायला मारतात तशी. बास."

पोरं बघतच राहिली. मास्तर फळ्याजवळ गेले, बडीशेप गिळली आणि म्हणाले, "हे कुणी पुसू नका." ती बाही आठवडाभर फळ्यावर होती. त्या आठवड्यात अकरा जणांना तक्ता पाठ झाला.

त्यामुळे मार्चमध्ये परीक्षेच्या दिवशी हानताई पास होणार याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. त्यांच्या स्वतःच्या तर मुळीच नव्हती. येताना त्यांनी पोर्क चॉप घातलेले सहा पाव बांधून आणले होते, नंतर वाटायला.

परीक्षा अशी असायची. एक टेबल, समोर तीन परीक्षक गिऱ्हाईक होऊन बसलेले. मुख्य परीक्षक नोरोन्हा बाई. इथल्याच जुन्या पोर्तुगीज-चिनी घरातल्या, तीस वर्षं कॅसिनोत काढलेल्या, आधी डीलर आणि मग अख्ख्या मजल्याच्या प्रमुख. दुसरे टौ मास्तर. तिसरे कंपनीचे एक साहेब. मी कोपऱ्यात गुणपत्रक घेऊन.

पहिले दहा डाव हानताईंनी असे वाटले की मला लिहायला काही उरलं नाही. अकराव्या डावाला मास्तरांनी प्लेअरवर मोठी रक्कम लावली. ज्याची रक्कम मोठी, त्याच्या हातात त्या बाजूचे पत्ते जातात आणि तो ते आपल्या सवडीनं उघडतो. प्लेअरचे दोन झाले होते. तिसरा पत्ता मास्तरांकडे गेला. त्यांनी तो पालथा धरला, अंगठा कोपऱ्यावर ठेवला, लांब कड हळूच वाकवली. कडेला तीन ठिपके. मास्तर नट चांगले होते. मान खाली घालून पुटपुटले, "उड, उड, मधला उड..."

हानताई पुढे वाकल्या आणि त्यांनी फुंकलं. फूऽऽ. मेणबत्ती विझवावी तशी, लांब, मनापासून.

"थांबा," नोरोन्हा बाई म्हणाल्या.

हानताई थांबल्या. "काय झालं?"

"तुम्ही काय केलंत आत्ता?"

"पत्ता दिला."

"त्यानंतर."

हानताईंनी मास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. दाराबाहेर आपल्या पाळीची वाट बघत का-यान उभी होती. ती म्हणाली, "ताई, तुम्ही फुंकलंत," आणि तोंडावर हात ठेवला.

नोरोन्हा बाई शांतपणे बोलल्या. "मास्तरांनी प्लेअरवर लावले होते. मी बँकरवर. तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या पत्त्यावर फुंकलंत. खरं टेबल असतं तर मी काय समजायचं? ही डीलर आहे की त्यांची बायको?"

"चूक झाली."

"नापास," नोरोन्हा बाईंनी मला सांगितलं. मी लिहिलं.

हानताईंनी हात पालथे-उताणे करून कॅमेऱ्याला दाखवले, टेबल सोडलं आणि विचारलं, "बाकी काही चुकलं?"

"काहीच नाही."

"मग एकच गोष्ट सोडायची आहे. तीन आठवडे भरपूर झाले." आणि पाव वाटले. नोरोन्हा बाईंनाही दिला. त्यांनी खाल्ला.

पण तीन आठवड्यांतला पहिला गेला तरी ती एक गोष्ट सुटेना. का-यान पहिल्याच फेरीत पास झाली होती. ती नोकरीवर जायच्या आधी सकाळी येऊन गिऱ्हाईक होऊन बसायची. पत्त्याच्या कडेला तीन ठिपके दिसले की हानताईंचे ओठ गोल व्हायचे. त्यांना कळायच्या आत.

पहिला उपाय त्यांनी कारखान्यातला केला. शिवताना टाचण्या ओठांत धरतात, तशी एक धरली. मास्तर म्हणाले, "तोंडात काही चालणार नाही. उद्या गिऱ्हाइकावर थुंकलात तर?"

दुसरा उपाय, श्वास रोखून धरणं. गिऱ्हाईक पत्ता उघडायला मिनिट-मिनिट लावतं. हानताई लालबुंद व्हायच्या. का-यान पत्ता मुद्दाम आणखी सावकाश वाकवायची आणि म्हणायची, "ताई, पत्ते वाटताय की मोती काढायला बुडी मारलीत?"

तिसरा उपाय, छताकडे बघणं. त्यावर मात्र मास्तर चिडले. "डीलरची नजर पत्त्यावरून हलली की पत्ता बदलतो. छत बघायला कंपनी तेरा हजार देत नाही."

मी एकदा त्यांना चहा घेताना म्हटलं, "हानताई, सवयच आहे. जाईल."

"छोईभाऊ, सवय नाही ती," त्या म्हणाल्या. "सवय पायाची आहे, ती मला ठाऊक आहे. ही इच्छा आहे. समोरच्याला सात यावा असं मला खरंच वाटतं. ते कसं बंद करायचं ते सांगा."

मी त्यांच्या पेल्यात आणखी चहा ओतला. पण त्यांचा चेहरा पडलेला नव्हता. मशीन अडलं की कारागीर त्याच्याकडे बघतो तशा त्या स्वतःकडे बघत होत्या.

गुंता सुटला तो एका रविवारी दुपारी, घरी. हे त्यांनीच मला सोमवारी सांगितलं.

जेवण झालं होतं. सासूबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या. सूनबाईंना सराव हवा म्हणून त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, बिया काढल्या. हानताई उभ्या राहून पत्ते वाटत होत्या. सासूबाईंनी प्लेअरवर बिया लावल्या, केओंगनं बँकरवर. सासूबाईंनी पत्ता वाकवला. तीन ठिपके. हानताईंनी फुंकलं. सात निघाला, सासूबाईंचे नऊ झाले आणि त्यांनी मुलाच्या बिया ओढून घेतल्या.

केओंगनं चहाचा पेला खाली ठेवला. तो कमी बोलणारा माणूस.

"चोवीस वर्षं तू आईच्याच पत्त्यावर फुंकतेस," तो म्हणाला. "मी समोर बसलेला असतो."

सासूबाई म्हणाल्या, "मग आजवर बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं?"

"आणि तू तरी दरवेळी माझ्या विरुद्ध का लावतोस?"

"तुम्ही दोघी एका बाजूला. समोर कुणीतरी नको का? नाहीतर खेळ कसा होणार?"

"बघ कसा बोलतो," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "बियांसाठी आईशी भांडतो."

"भांडत नाही. सांगतोय." त्यानं उरलेल्या बिया पुन्हा बँकरवर सरकवल्या. "वाट."

हानताईंनी वाटले. पुन्हा सासूबाईंचे दोन, पुन्हा तिसऱ्या पत्त्याच्या कडेला तीन ठिपके. या वेळी त्या सासूबाईंच्या बोटांकडे बघत असताना त्यांना नवऱ्याचाही चेहरा दिसत होता. तो पत्त्याकडेच बघत होता, आणि त्याला आठ हवा होता. ओठ हलवत नव्हता, काही नाही, पण हवा होता. लग्नापासून दर रविवारी हवा असणार. हानताईंचे ओठ गोल व्हायला लागले आणि अर्ध्यावर थांबले.

"एकाच्या ताटात वाढायचं तर दुसऱ्याच्या ताटातलं काढावं लागतं," त्या मला म्हणाल्या. "दोन्ही ताटं माझ्याच समोर. मला आत्तापर्यंत एकच दिसत होतं. पत्ता ज्याच्या हातात, त्याच्याकडे आपण बघतो. पण ज्याच्या हातात पत्ता नाही, तोही तिथं बसलेला असतो ना."

त्या दुपारी त्यांनी साठ डाव वाटले. पहिल्या वीसमध्ये तीनदा फुंकर सुटली, पुढच्या वीसमध्ये एकदा, शेवटच्या वीसमध्ये नाही. सासूबाई कंटाळून म्हणाल्या, "हिच्यात आता मजा राहिली नाही." केओंग त्या दिवशी पहिल्यांदा भरपूर बिया जिंकला. तो त्या बशीत घालून खात बसला.

दुसरी परीक्षा एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी सकाळी दहाला होती. दुसऱ्यांदा बसणारे चौघे, हानताई शेवटच्या. या वेळी त्यांनी पाव आणले नव्हते. "आधी काम," म्हणाल्या. या परीक्षेनंतर एकतर नोकरी, नाहीतर कायमचं घर, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

नोरोन्हा बाईंनी या वेळी गिऱ्हाइकाची मोठी भूमिका स्वतःकडे घेतली. पहिल्या डावापासून त्यांनी छळायला सुरुवात केली. चिप्स रेषेवर ठेवायच्या, उशिरा ठेवायच्या, "तुमचे हात थंड आहेत, मला नशीब साथ देत नाही," म्हणून टोमणे मारायच्या. हानताई तेवढंच बोलत होत्या, जेवढं डीलरनं बोलायचं असतं.

चौदाव्या डावाला नोरोन्हा बाईंनी प्लेअरवर मोठा ढीग लावला. मास्तरांनी बँकरवर दोन हजार. साहेब खुर्चीतून उठून हानताईंच्या मागे जाऊन उभे राहिले, मजल्यावर देखरेख करणारे अधिकारी असल्यासारखे.

हानताईंनी पत्ते वाटले. नोरोन्हा बाईंनी प्लेअरचे उघडले. राजा आणि दुरी, म्हणजे दोन. मास्तरांनी बँकरचे उघडले. राणी आणि तिरी, म्हणजे तीन. प्लेअरला तिसरा पत्ता. तो नोरोन्हा बाईंच्या पुढ्यात सरकला.

बाईंनी तो दोन्ही हातांत पालथा धरला, अंगठा कोपऱ्यावर, आणि लांब कड उचलायला लागल्या. तीन ठिपके. त्यांनी हात थांबवला.

"ताई," त्या म्हणाल्या, आणि आवाज एकदम बदलला. "आज सकाळपासून हरतेय हो. लेकीचं लग्न तोंडावर आलंय. एक फुंकर घाला ना माझ्यासाठी. कुणी बघत नाही."

हानताईंचे तळवे टेबलावर सपाट होते. त्यांची नजर पत्त्यावर होती. मी कोपऱ्यातून त्यांचे ओठ बघत होतो.

"बाई, पत्ता तुमच्या हातात आहे," हानताई म्हणाल्या. "सावकाश होऊ द्या."

नोरोन्हा बाईंनी कड आणखी वाकवली. स्वतःच फुंकलं. थोडं थांबून पुन्हा फुंकलं, आणि पत्ता पुरता उघडता उघडता तिसऱ्यांदा. मग तो आपटला. आठ.

"प्लेअर शून्य," हानताई म्हणाल्या.

"बँकरला तीनच आहेत," नोरोन्हा बाई तडकल्या. "तिनाला पत्ता घेतात. काढा तिसरा, बिघडू दे त्याचंही."

"काढा लवकर," मागून साहेब म्हणाले. "गिऱ्हाईक थांबलंय."

खोलीत मास्तरांच्या तोंडातल्या बडीशेपेचा आवाज तेवढा येत होता, मग तोही थांबला. अधिकाऱ्याचा हुकूम होता. पोरांपैकी कितीतरी जण इथं पत्ता काढून मोकळे झाले होते. त्या सकाळीच दोघं झाले होते.

हानताईंनी मान वळवली नाही. "साहेब, प्लेअरचा तिसरा पत्ता आठ आहे. बँकर तिनावर थांबतो. तीन आणि शून्य, बँकर जिंकला." त्यांनी नोरोन्हा बाईंचा ढीग उचलला. मास्तरांच्या दोन हजारांवर, बँकर जिंकला की कॅसिनो घेतं ते पाच टक्के कापून एकोणीसशे मांडले, सरकवले, आणि हात पालथे-उताणे करून दाखवले. "पुढचा डाव. लावा."

"पुरे," नोरोन्हा बाई म्हणाल्या आणि माझ्याकडून गुणपत्रक मागून घेतलं. चष्मा लावला, सही केली. "सोमवारी सकाळी आठ वाजता. गणवेशाचं माप आजच देऊन जा."

"देते," हानताई म्हणाल्या. पण जागच्या हलल्या नाहीत. "बाई, एक विचारू? तुम्ही फुंकलंत."

"गिऱ्हाईक झाले होते ना मी."

"पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून. नंतर दोनदा?"

मास्तर चिप्स रचायला लागले, जे त्यांचं काम नव्हतं.

नोरोन्हा बाईंनी चष्मा काढला. "पैसे खोटे आहेत हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच विचारलं."

"तीस वर्षं त्या बाजूला उभी होते. एकदाही फुंकलं नाही. आज पहिल्यांदा या बाजूला पत्ता हातात घेऊन बसले." त्या जरा हसल्या. "सात यावा असं वाटलं हो मला."

"मलाही एका बाजूनं वाटलं," हानताई म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूनं मास्तरांचे दोन हजार होते." आणि माप द्यायला गेल्या.

हानताईंनी पुढे एकोणीस वर्षं पत्ते वाटले आणि गेल्या वर्षी पासष्टाव्या वर्षी काम सोडलं. त्या काळात त्यांच्या नावावर एकही तक्रार नाही. त्यांची फाइल माझ्याच कपाटात आहे, म्हणून सांगतो. त्यांच्याबद्दल गिऱ्हाइकांचे अभिप्राय फारसे आले नाहीत. डीलरबद्दल कोण कशाला लिहितो? पण नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या टेबलावर दोन तास बसले, आणि मग आपल्या चिप्स गोळा करत शेजाऱ्याला म्हणाले, "चल, दुसरीकडे बसू. या बाईच्या तोंडाकडे बघून काहीच कळत नाही."

हानताईंनी हे मला दुपारी उपाहारगृहात पेज खाताना सांगितलं. मग का-यान आली, तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.